यूएफसी प्रीलिम्स: माल एक नंबर, मजुरीचं काय?

रविवारी पहाटे साडेचारचा अलार्म लावून यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या फाइट्स, बघणाऱ्या येड्यांपैकी मी एक, बायको म्हणते ऑफिसला असा उठला असतास तर एव्हाना मॅनेजर झाला असतास. ॲपबद्दल काही लिहीत नाही, नेमकं नॉकआउटलाच गोल गोल फिरत बसतं एवढं पुरे. रिव्ह्यू आहे प्रीलिम्सचा, म्हणजे मेन कार्डच्या आधीच्या नव्या पोरांच्या फाइट्स.

माल एक नंबर आहे राव. मेन इव्हेंटवाले कधी कधी पाच राउंड नुसते एकमेकांभोवती फिरतात, इथे असलं काही नाही. भुवई फाटलेली, कॉर्नरमध्ये कटमॅन जखमेत कापसाची काडी दाबतोय, वर व्हॅसलीन थापतोय, आणि पोरगा स्टुलावर बसून कोचकडे बघत नुसती मान हलवतोय. मिनिटभरात परत उभा. एवढी घाई कशाची हे मला पैशाचा हिशोब कळल्यावर समजलं.

नवीन फायटरचं काँट्रॅक्ट बरीच वर्षं १० अधिक १० होतं, मग १२ अधिक १२ झालं. म्हणजे पिंजऱ्यात उतरल्याचे १२ हजार डॉलर, आणि जिंकलास तरच अजून १२. वरून कपड्यांच्या स्पॉन्सरचे ४ हजार. आता कोणी म्हणेल दहा लाख रुपये एका फाइटचे, रडतोस कशाला? अरे पण वर्षाला फाइट्स दोन, फार तर तीन, त्यातून मॅनेजर, जिम, कोच, फाइटआधीचा दोन महिन्यांचा ट्रेनिंग कॅम्प, टॅक्स हे सगळं जातं, आणि हा माणूस कंपनीचा नोकर पण नाही, काँट्रॅक्टर आहे, गुडघा गेला तर पुढची फाइट नाही म्हणजे पगारच नाही. २०२१ मध्ये सारा अल्पार या यूएफसीच्या फायटरने कॅम्पच्या खर्चासाठी ऑनलाइन वर्गणी काढली होती, तेव्हा यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलने ५ हजार डॉलर टाकले. यूएफसीची फायटर, आणि वर्गणी! आपल्याकडे गणपतीला काढतात तशी.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे अर्धे पैसे जिंकण्यावर टांगलेले असणं. २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय झाली, आठवतंय ना? स्प्लिट डिसिजन होता, दोन जज तिच्या बाजूने, एक विरुद्ध. तिचं काँट्रॅक्ट आपण पाहिलेलं नाही, पण १२ अधिक १२ वाल्याला अशा वेळी एका जजचा पेन इकडचा तिकडे झाला की निम्मा पगार गेला. तीन राउंड मार तेवढाच खाल्लेला असतो ना!

आणि कंपनी गरीब आहे म्हणावं तर फाइट्स दाखवण्यासाठी पॅरामाउंट या अमेरिकन मीडिया कंपनीशी ७ वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार २०२५ मध्येच जाहीर झाला. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंना कमाईचा निम्मा वाटा मिळतो, इथे कोर्टात निघालेल्या कागदांवरून २० टक्क्यांच्या आत. जुन्या फायटर्सनी २०१४ मध्ये केस टाकली, ३३.५ कोटी डॉलरची तडजोड जजनेच कमी म्हणून फेटाळली, मग २०२५ मध्ये ३७.५ कोटींवर मिटली. पण ते पैसे २०१० ते २०१७ च्या फायटर्सना, आजच्या नवख्याला त्यातला रुपया नाही. युनियन नाही, मग भांडणार कोण?

त्या रात्रीच्या भारी फाइटसाठी मिळणाऱ्या बोनसचं म्हणाल तर तो मिळाला तर मिळाला. पुढे यूएफसीचा सुपरस्टार झालेला मॅकग्रेगर २०१३ मध्ये इथल्या पहिल्या फाइटला आला तेव्हा आयर्लंडमध्ये बेकारभत्त्यावर होता, त्या रात्री ६० हजार डॉलरचा बोनस मारला. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, मला मात्र त्याच कार्डवर बोनस न मिळालेले बाकीचे आठवतात.

स्टार पाचपैकी तीन. फाइट्सना पाच देतो, दोन पगाराचे कापले. सबस्क्रिप्शन रिन्यू करणारच आहे, खोटं कशाला बोलू. बघणार असाल तर मेन कार्डची वाट बघत लोळू नका, पहिल्या फाइटपासून लावा, आणि निकाल सांगताना हरलेल्याचा चेहरा बघा एकदा.