सालई तेलाची १० मिलीची बाटली: वासाला पैकीच्या पैकी, कॅन्सरच्या दाव्याला शून्य

फ्रँकिन्सेन्स ऑइल म्हणून विकलं जाणारं हे तेल सालई या झाडाच्या डिंकातून वाफेने काढतात. शुद्ध मिळालं तर वास सुरेख: आधी लिंबासारखा ताजा, मग देवघरातल्या धुपासारखा. आक्षेप आहे तो बाटलीवरच्या 'बोस्वेलिक ॲसिडयुक्त, कॅन्सरवर गुणकारी' या ओळीला. बोस्वेलिक ॲसिड सालईच्या डिंकात असतं, पण त्याचे रेणू जड असतात. ते वाफेबरोबर चढत नाहीत, भांड्यातल्या चोथ्यातच राहतात. तेलात उतरतात अल्फा-थुजीन, अल्फा-पायनीन, लिमोनीन असे हलके घटक. ज्याच्या नावावर बाटली खपते तेच तिच्यात नसतं!

या दाव्यासाठी दिला जाणारा २०११ च्या जर्मन चाचणीचा दाखला नीट वाचायला हवा. मेंदूला रेडिएशन घेणारे ४४ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना सालईचा अर्क दिला, रोज ४२०० मिलिग्रॅम, तोंडावाटे. अर्क, तेल नव्हे. फरक दिसला तो मेंदूच्या सुजेत. गाठ बरी झाल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. तेलावरचं २००९ चं काम बोस्वेलिया कार्टेरी या दुसऱ्या जातीच्या तेलाचं, मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींवरचं, तेही प्रयोगशाळेतल्या तबकडीत. तिथे तेल पेशींना थेट भिडतं. शरीरात गाठीपर्यंत तेवढी मात्रा पोचवणं ही फार वेगळी गोष्ट. आपल्याकडे १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने कॅन्सर बरा करण्याची जाहिरातच वर्ज्य आहे. लेबलवर तसा दावा दिसला की बाटली परत ठेवा.

वासासाठी घ्यायचं तर लेबलवर 'बोस्वेलिया सेराटा' हे सालईचं शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर पाहा, आणि त्याच बॅचचा जीसी-एमएस रिपोर्ट (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी तपासणी) मागा. कागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर खाद्यतेलाची भेसळ असू शकते. टर्पेंटाइन मात्र या परीक्षेत सापडत नाही, कारण तेही उडून जातं.

अंगाला लावताना १० मिली खोबरेल तेलात दोनच थेंब, साधारण १ टक्का. पाण्यात टाकून पिऊ नका: तेल वर तरंगतं आणि तोंडा-घशाचं अस्तर भाजू शकतं. रेडिएशनच्या जागी लावू नका. केमो चालू असताना तीव्र वासाने मळमळ वाढू शकते, तेव्हा डिफ्यूझर (खोलीत वास पसरवणारं यंत्र) रुग्णाला विचारूनच लावा.

बाटली अर्धी झाली की आत हवा साठते, पायनीन हवेने बिघडतं आणि असं तेल लावल्यास त्वचेला खाज सुटू शकते. उरलेलं तेल लहान गडद काचेच्या बाटलीत काढा. रबरी ड्रॉपर आत ठेवू नका, रबर विरघळून चिकट होतं.