रुग्णामागे खर्च की डीईए?

आरोग्य केंद्र साधनं किती नीट वापरतं हे पाहायला रुग्णामागे खर्च काढणं सोपं. रजिस्टर आणि हिशेब पुरतो. पण त्यात डोंगरातलं धडगावकडचं केंद्र सपाटीवरच्या अमळनेरकडच्या केंद्रापुढे महागडं दिसणारच. निकषच वेगळा: सपाटीवर 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी-डोंगराळ भागात 20,000, म्हणजे तिथे केंद्राचा खर्च कमी लोकांत वाटला जातो. नुसत्या खर्चावरून तुलना करणं हा सातपुड्यातल्या पाड्यांवर अन्याय आहे!

1978 साली चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी मांडलेली डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस) पद्धत डॉक्टर, परिचारिका, खाटा ही साधनं एकीकडे आणि बाह्यरुग्ण, बाळंतपणं, लसीकरण हे झालेलं काम दुसरीकडे धरते, मग केंद्राची तुलना त्याच्यासारख्याच सरस केंद्रांशी करते. मला हीच पटते. मात्र केंद्रं मोजकी असली की बहुतेक सगळी कार्यक्षम ठरतात, आणि एकाची फुगवलेली नोंद इतरांचे गुण खाली ओढते. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारची डोंगरी केंद्रं एकत्र आणि सपाटीवरची वेगळी मोजावीत.