मीडियाविकीवर शेकडो पानांची स्थिती बदलायची आहे: थेट एपीआय, पायविकीबॉट की ऑटोविकीब्राउझर?

पाच-दहा पानांची स्थिती बदलायची असेल तर सरळ हाताने बदला, त्यासाठी स्क्रिप्ट लिहीत बसू नका. पण ‘तपासणी बाकी’ असलेली आठशे पाने ‘तपासलेली’ करायची आणि त्यातली काही सुरक्षितही करायची (म्हणजे ती कोणी बदलायची यावर बंधन घालायचे), असे काम आले की तीन वाटा समोर असतात: मीडियाविकीच्या (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) ॲक्शन एपीआयशी, म्हणजे प्रोग्रामच्या विनंत्या स्वीकारणाऱ्या जोडणीशी, स्वतःच्या स्क्रिप्टने थेट बोलणे, पायथनमधला तयार स्क्रिप्टचा संच पायविकीबॉट वापरणे किंवा विंडोजवरचा संपादनाचा प्रोग्राम ऑटोविकीब्राउझर. तिन्ही शेवटी त्याच एपीआयवर जाऊन टेकतात. फरक पडतो तो मधल्या काळजीचा भार कोण उचलतो यात.

साधनाकडे वळण्याआधी एक गोष्ट बघून घ्या: तुमच्या विकीवर स्थिती नेमकी राहते कुठे? बहुतेक ठिकाणी ती पानाच्या मजकुरात असते, म्हणजे वर एखादा स्थितीचा साचा (अनेक पानांत वापरायचा तयार तुकडा) लावलेला असतो आणि तो साचा पानाला योग्य त्या वर्गात टाकतो. काही ठिकाणी साचा नसतोच, पानाच्या तळाशी थेट वर्ग लिहिलेला असतो. तिसरा प्रकार सुरक्षा पातळीचा. ती मजकुरात नसतेच, डेटाबेसमध्ये वेगळी नोंदलेली असते. पहिल्या दोन प्रकारांत तुम्ही संपादन करता. प्रत्येक बदल इतिहासात दिसतो आणि कोणालाही तो उलटवता येतो. सुरक्षा बदलणे ही प्रचालकी (ॲडमिनची) कृती आहे. तिची नोंद लॉगमध्ये होते, पानाच्या इतिहासातही एक ओळ येते, पण ‘उलटवा’ म्हणून दाबायला काही नसते. आधीची पातळी काय होती हे तुम्हीच लिहून ठेवले असेल तर ती परत आणणे सोपे जाते. अर्धा निर्णय इथेच होऊन जातो.

साच्यावर काम चालत असेल तर आणखी एक शक्यता तपासा: कदाचित शेकडो संपादनांची गरजच नाही. वर्गाचे नाव बदलायचे आहे किंवा ‘मसुदा’ आणि ‘कच्चे’ या दोन स्थिती एकच मानायच्या आहेत, तर एकट्या साच्यात बदल करा. बाकीची पाने जॉब क्यू (मागे चालणारी कामांची रांग) सावकाश मार्गी लावते. वर्गाचे पान तासभर जुनेच दिसले म्हणून घाबरू नका. फारच घाई असेल तर एपीआयच्या पर्ज (पानाची साठवलेली प्रत टाकून देणाऱ्या) मोड्यूलला दुवे अद्ययावत करायला सांगता येते. अलीकडील बदलांत एक ओळ दिसणे आणि आठशे ओळी दिसणे यातला फरक त्या विकीवर काम करणाऱ्या बाकीच्यांना चांगलाच कळतो.

थेट एपीआय

इथे सगळे हातात असते आणि सगळे अंगावरही असते. वाचताना एपीआय उदार आहे: एका विनंतीत 50 शीर्षके विचारता येतात, सांगकाम्यांसारखा (बॉट खात्यांसारखा) वाढीव मर्यादेचा अधिकार असेल तर 500. लिहिताना मात्र एक विनंती, एक पान. म्हणजे आठशे पानांची सद्य सुरक्षा 16 विनंत्यांत वाचून होते, पण बदलायला आठशे विनंत्या लागतात. कॉन्फ्लुअन्सवरून (ॲटलासियनच्या विकी प्रणालीवरून) आलेल्यांना हे खटकते, कारण त्याच्या क्लाउड आवृत्तीत पाने संग्रहात टाकायला आयडींची यादी एकदाच देता येते आणि पुढचे काम पार्श्वभूमीला चालते. मीडियाविकीत तो लूप तुम्हालाच फिरवावा लागतो.

लिहिण्याच्या प्रत्येक विनंतीसोबत द्यायचे टोकन (विनंती तुमच्याच सत्रातली आहे हे दाखवणारी खूण) मिळवणे सोपे आहे आणि एकच टोकन पूर्ण सत्रभर चालते. गंमत त्याच्या शेवटच्या दोन चिन्हांत आहे: अधिक चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ. ते नीट एन्कोड न करता पाठवले की अधिकच्या जागी मोकळी जागा पोहोचते आणि ‘बॅडटोकन’ अशी त्रुटी येते. नवखा माणूस पासवर्ड तपासत बसतो, आणि पासवर्ड तर बरोबरच असतो. टोकन विनंतीत सर्वांत शेवटी ठेवायची पद्धत आहे, तीही विनाकारण नाही. मजकूर वाटेत तुटला तर टोकनही पोहोचत नाही आणि अर्धवट पान जतन व्हायचे टळते.

सुरक्षा बदलणाऱ्या मोड्यूलची एक खोड आधीच माहीत हवी. त्याला तुम्ही पानाच्या सुरक्षेची पूर्ण यादी देत असता. एखाद्या पानावर संपादन आणि स्थानांतरण (पानाचे नाव बदलणे) दोन्हींवर बंधन आहे आणि तुम्ही फक्त ‘संपादन: प्रचालक’ एवढेच पाठवले, तर स्थानांतरणावरचे बंधन निघून जाते. त्रुटी येत नाही, उत्तर यशस्वी येते. मुदत दिली नाही तर सुरक्षा कायमची होते, आधी ती महिनाभराचीच असली तरी. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सगळ्या पानांची सध्याची सुरक्षा वाचून फाइलमध्ये उतरवा, मग त्यात हवा तो बदल मिसळा, मग पूर्ण यादी पाठवा. ती फाइल जपून ठेवा. परत फिरायचे झाले तर तोच सोपा आधार.

मजकूर बदलताना दोन-तीन सवयी पुरतात. ज्या आवृत्तीवर तुम्ही बदल केला तिचा क्रमांक विनंतीसोबत पाठवा, म्हणजे मधल्या वेळात कोणी पान बदलले असेल तर संघर्ष कळतो. ‘नोक्रिएट’ लावा, नाहीतर हटवलेले पान तुमची स्क्रिप्ट नव्याने जन्माला घालेल. आणि ‘असर्ट’ लावा, म्हणजे सत्र संपल्यावर पुढची संपादने खात्याविना, अनामिक म्हणून होणार नाहीत. मजकूर आधीच हवा तसा असेल तर एपीआय ‘बदल नाही’ असे सांगून नवी आवृत्ती करत नाही, त्यामुळे तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायला हरकत नसते.

मीडियाविकीचे नवे रेस्ट एपीआय 1.35 आवृत्तीपासून सोबत येते. त्याने पान वाचता आणि लिहिता येते, रचनाही नेटकी आहे. पण सुरक्षेसाठी ॲक्शन एपीआयकडेच यावे लागते, म्हणून या कामापुरते मी त्याला बाजूला ठेवेन.

पायविकीबॉट

वर सांगितलेल्यातले बरेचसे इथे आयते मिळते: टोकन, संपादन संघर्ष, सर्व्हर मागे पडला की थांबणे, पुन्हा प्रयत्न करणे. वर्गातून, साचा वापरणाऱ्या पानांवरून, नावाच्या सुरुवातीवरून किंवा फाइलमधून, पाने कशीही गोळा करता येतात. मजकूर बदलणे, वर्ग हलवणे, सुरक्षा देणे यांच्या तयार स्क्रिप्टही सोबत असतात. सर्वांत मोलाचा म्हणजे ‘सिम्युलेट’ पर्याय: सगळे चालते, काहीच जतन होत नाही.

वेगाबद्दल तक्रार ऐकू येते. दोन लिखाणांमध्ये तो मुळात 10 सेकंद थांबतो, म्हणजे हजार पानांना पावणेतीन तास. विकिपीडियासारख्या सार्वजनिक विकीवर ही शिस्त पाळावीच. स्वतःच्या सर्व्हरवरच्या विकीत मात्र ही वाट बघणे सेटिंगमध्ये कमी करता येते, आणि तसे करावे.

तयार स्क्रिप्टचा मोह आवरायची एक जागा म्हणजे साच्यातले परिमाण (साच्याला दिलेले मूल्य, पॅरामीटर) बदलणे. शोधा-बदला लावताना लोक धरून चालतात की साचा सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिलेला आहे. प्रत्यक्षात कोणी उभ्या रेघेनंतर मोकळी जागा सोडलेली असते, कोणी ओळ तोडलेली असते, कोणी परिमाणाला नाव दिलेले असते, कोणी साच्याच्या जुन्या, पुनर्निर्देशित नावाने तो लावलेला असतो. इथे रेजेक्सशी (शोधा-बदलाच्या नमुन्यांशी) झगडण्यापेक्षा विकिमजकूर नीट वाचणारा पार्सर लावून वीस-पंचवीस ओळींची स्वतःची स्क्रिप्ट लिहिणे सोपे.

ऑटोविकीब्राउझर

प्रोग्रामिंग येत नसेल किंवा प्रत्येक पान बघूनच ठरवायचे असेल, तर हेच. यादी भरा, नियम लावा. प्रत्येक पानाचा आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी दिसतो, पटले तर जतन करा, नाहीतर पुढे चला. ‘तपासलेले’ हा शिक्का माणसाने बघून मारायचा असेल तर हा सावकाशपणाच कामाचा. त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत: विंडोज लागते, काम ठरावीक वेळी आपोआप चालवायचे तर सोयीचे नाही, आणि इंग्रजी विकिपीडियासारख्या ठिकाणी वापरण्याआधी परवानगी घ्यावी लागते. शिवाय शंभर पानांनंतर माणूस न बघताच बटण दाबू लागतो. मग तपासणी कसली?

मी काय निवडेन

मजकुरातली स्थिती, एकदाच करायचे काम, पानागणिक निर्णय: ऑटोविकीब्राउझर. मजकुरातलीच स्थिती पण दर महिन्याला येणारे काम: पायविकीबॉट, दुसरा विचारच नको. सुरक्षा पातळी बदलायची असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रणालीतला निकाल विकीवर उमटवायचा असेल, तर थेट एपीआय, कारण तिथे नेमके काय पाठवले जाते यावर तुमची नजर हवी. पायथनची सवय असेल तर यातही पायविकीबॉटकडून लॉगिन आणि टोकनचे काम करून घेऊन फक्त ती विनंती स्वतः रचता येते. मी बहुतेक वेळा हेच करतो.

लॉगिनसाठी कोणत्याही वाटेने गेलात तरी मुख्य पासवर्ड स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. 1.27 आवृत्तीपासून बॉट पासवर्डची सोय आहे. त्यात मोजकेच अधिकार देता येतात. मोठ्या प्रमाणावरील संपादनाचा अधिकार तिथे खूण करून द्यायला मात्र विसरू नका. तो नसेल तर खाते सांगकाम्याचे असूनही वाढीव मर्यादा मिळत नाहीत आणि प्रत्येक बदल अलीकडील बदलांत साध्या संपादनासारखा झळकतो.

देवनागरी शीर्षकांचा एक खास उपद्रव आहे. ‘तऱ्हा’, ‘किनाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यातल्या एकात अदृश्य जोडचिन्ह असते आणि मीडियाविकी त्यांना वेगळी शीर्षके मानते. एक्सेलमधून आणलेल्या यादीतली काही पाने ‘सापडली नाहीत’ असे उत्तर आले तर आधी हे बघा. शक्य असेल तिथे शीर्षकाऐवजी पानाचा आयडी वापरा. संपादन आणि सुरक्षा दोन्ही मोड्यूल तो स्वीकारतात.

आणि यादी घ्यायची ती शक्यतो वर्गातूनच. ‘तपासणी बाकी’ या वर्गातून पाने उचलली तर जी होतील ती वर्गातून बाहेर पडत जातात. स्क्रिप्ट चारशेव्या पानावर मेली तरी पुन्हा सुरू केल्यावर उरलेलीच समोर येतात. सुरक्षेच्या बाबतीत अशी आपोआप घटणारी यादी मिळत नाही, तिथे झालेल्या प्रत्येक पानाचा आयडी लगेच फाइलमध्ये लिहीत जा.