विश्रामबागेतील ऑलिंपियाड वर्ग: अभिप्राय

सांगलीच्या विश्रामबागेतील या भौतिकशास्त्र ऑलिंपियाड वर्गाची पारख मी ताऱ्याचा प्रकाश सूर्याला चाटून जाताना किती वळतो, या गणितावरून केली. सरांनी सूत्र आयते न देता, प्रकाशाला कण मानून न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने हे विचलन (वळण्याचा कोन) काढायला लावले आणि उत्तर सुमारे ०.८७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आले. सूर्याच्या वस्तुमानामुळे अवकाशाला येणारी वक्रताही तेवढीच भर घालत असल्याने आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचे उत्तर दुप्पट, म्हणजे १.७५ विकला येते. हा भाग मात्र घाईत उरकला, आणि मुले नेमकी तेथेच अडतात. १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात हेच विचलन मोजणाऱ्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या निरीक्षणांवरील चर्चा उत्तम झाली. शुल्क जास्त वाटते. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) न शिकलेल्या दहावीच्या मुलांना येथे पाठवण्याची घाई पालकांनी करू नये.