कार्यालयात प्रत्येकाचा स्वतंत्र एच ड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जळगाव एमआयडीसीतील चटयांच्या एका कारखान्याच्या कार्यालयात प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी विंडोज सर्व्हरवर स्वतंत्र नेटवर्क ड्राइव्ह, म्हणजे त्याच्या संगणकावर ‘एच’ अक्षराने दिसणारी सर्व्हरवरील जागा, सुरू होऊन आता काही महिने झाले आहेत. लेखा, विक्री आणि भांडार या विभागांतील ज्याचे काम त्याच्याच डेस्कटॉपवर साठत असे, आणि मे महिन्याच्या उकाड्यात एखादी हार्डडिस्क बसली की वर्षभराची दरपत्रके तिच्याबरोबर जात. त्यावर उपाय म्हणून ही व्यवस्था केली. ड्राइव्ह जोडून देणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, खरा विचार परवानग्यांचा आणि त्या जागेत काय ठेवू द्यायचे याचा करावा लागतो, असे माझे मत झाले आहे.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (सर्व्हरवरील युजरच्या नोंदवहीत) युजरच्या प्रोफाइल टॅबवर होम फोल्डरसाठी (त्या युजरच्या खासगी फोल्डरसाठी) ड्राइव्हचे अक्षर आणि सर्व्हरवरील मार्ग द्यायचा. मार्गाच्या शेवटी टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘युजरनेम’ लिहिले की त्या व्यक्तीच्या लॉगिन नावाचा फोल्डर आपोआप तयार होतो आणि त्या व्यक्तीला त्यावर पूर्ण अधिकारही मिळतो. अनेक युजर एकदम निवडूनही हे करता येते. विभागांच्या सामायिक ड्राइव्हसाठी मात्र ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधील (सर्व संगणकांना एकाच जागेवरून सेटिंग देणाऱ्या सोयीतील) ड्राइव्ह मॅप्स वापरले, आणि तेथे ‘रिप्लेस’ऐवजी ‘अपडेट’ निवडले, कारण ‘रिप्लेस’ आधीची जोडणी काढून टाकून पुन्हा नव्याने जोडते.

परवानग्या दोन थरांत असतात, शेअरच्या (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरच्या) आणि एनटीएफएसच्या (डिस्कवरील फाइलव्यवस्थेच्या), आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांपैकी जी अधिक कडक तीच लागू होते. म्हणून शेअरवर ऑथेंटिकेटेड युजर्सना (लॉगिन केलेल्या सर्वांना) मोकळीक देऊन सगळे नियंत्रण एनटीएफएसकडे ठेवणे सोयीचे पडते. परंतु मूळ फोल्डरवरचा वारसा (वरून आपोआप येणाऱ्या परवानग्या) तोडून ‘युजर्स’ या गटाची नोंद काढली नाही, तर डिस्कच्या मुळापासून खाली उतरणारा वाचनाचा अधिकार प्रत्येक होम फोल्डरमध्ये जातो आणि एकाच्या पगाराचा तक्ता दुसऱ्याला सहज उघडता येतो. होम फोल्डर नीट जोडला गेलेला दिसतो, त्यामुळे ही उणीव कोणाच्या लक्षातही येत नाही. शेअरवर ॲक्सेस बेस्ड एन्युमरेशन सुरू केल्यावर इतरांचे फोल्डर यादीतही दिसत नाहीत. त्यामुळे ‘भाऊ, त्या फोल्डरात काय आहे?’ हा प्रश्नच मिटला.

कर्मचाऱ्यांना या सगळ्यात सर्वाधिक भावलेली सोय म्हणजे प्रीव्हियस व्हर्जन्स. सर्व्हरवर शॅडो कॉपी (ठरावीक वेळी फाइलींच्या प्रती टिपून ठेवणारी सोय) सुरू असली की फाइलवर उजवी क्लिक करून तिची जुनी प्रत ज्याची त्याला परत घेता येते, आणि एक्सेलच्या पत्रकात कोणी चुकून भलतेच सेव्ह केले तरी आमच्याकडे धावत यावे लागत नाही. मूळ वेळापत्रक मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असे असते. आमच्याकडे शनिवारीही काम चालते आणि बिलांची खरी गर्दी संध्याकाळी होते, म्हणून शनिवार आणि सायंकाळची वेळ त्यात घातली. एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एका भागावर) जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात, त्यानंतर सर्वांत जुनी प्रत जाते, हे वेळा वाढवताना ध्यानात ठेवावे. शिवाय या प्रती सहसा त्याच डिस्कवर असल्यामुळे त्यांना बॅकअप समजू नये. वेगळा बॅकअप आम्ही चालूच ठेवला आहे.

जागेची मर्यादा पहिल्या दिवसापासून हवी. फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजरमधील ऑटो अप्लाय कोटा नव्या फोल्डरला आपोआप लागू होतो आणि ८५ टक्के जागा भरल्यावर ईमेलने सूचना पाठवता येते. आमच्याकडे जागा खाल्ली ती लग्नाच्या व्हिडिओंनी आणि आउटलुकच्या पीएसटी (ईमेल साठवणाऱ्या) फाइलींनी. नेटवर्कवरून पीएसटी वापरण्यास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, त्यामुळे व्हिडिओंबरोबर तिलाही फाइल स्क्रीनिंगने अडवले. थोडी कुरकुर झाली, पण निर्णय योग्यच वाटतो.

धुळ्याच्या डेपोतून व्हीपीएनवर (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी केलेल्या जोडणीवर) हा ड्राइव्ह उघडायला रेंगाळतो. तेथील लॅपटॉपवर ऑफलाइन फाइल्स (फाइलींची प्रत लॅपटॉपवरही ठेवणारी सोय) सुरू केल्याने वेग सुधारला, तरी श्रावणात कानबाईची सुट्टी संपल्यावर एकच फाइल दोन ठिकाणी बदललेली निघाली आणि सिंक सेंटरमध्ये बसून प्रत्येक तंटा हाताने सोडवावा लागला. फक्त एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या विंडोजच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती जाणणारा एक जुना स्कॅनर तर ड्राइव्हवर लिहूच शकला नाही. त्याच्यासाठी ती असुरक्षित आवृत्ती पुन्हा सुरू करण्यापेक्षा स्कॅन ईमेलने पाठवणे आम्ही पसंत केले.

नव्याने मांडणी करणाऱ्यांनी मार्गात सर्व्हरचे खरे नाव न घालता आधी डीएफएस नेमस्पेस, म्हणजे खऱ्या सर्व्हरऐवजी वापरायचे कायमचे नाव, उभारावा. सर्व्हर बदलायची वेळ आली की मग प्रत्येक युजरचा मार्ग आणि त्या फाइलींकडे जाणारे जुने शॉर्टकट बदलत बसावे लागत नाही. आमच्याकडे ते काम पुढच्या सर्व्हरखरेदीच्या आधी उरकायचे ठरले आहे.