पोस्टाने येणारा बायबल अभ्यासक्रम: तारणाचे धडे एक नंबर, सेवेचा धडा कच्चा

आमच्या मंडळीत बऱ्याच जणांनी केलेला हा मराठी अभ्यासक्रम मीही पुरा केला. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. फी नाही, टपालखर्च तेवढा आपला. पुस्तिका पातळ, टाइप मोठा. मी एस.टी.त कंडक्टर, नंदुरबार-नवापूर पट्ट्यात. त्यामुळे अर्धा अभ्यास गाडी स्टँडला लागलेली असतानाच झाला.

तारणाचे, म्हणजे पापातून सुटकेचे, धडे खरंच उत्तम. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचनं आपल्याकडे लहानपणीच पाठ होतात: तारण कृपेने, विश्वासाने, कर्मांनी नाही. इथे १०वं वचनही सोडलेलं नाही. सत्कृत्यं करून तारण विकत मिळत नाही, पण तारलेल्या माणसाला ती करायचीच आहेत. उत्तरपत्रिका तपासणारेही जीव ओतून तपासतात. मी विचारलं होतं, मग दशांश (मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा) कशाला द्यायचा? लाल पेनाने समास भरून उत्तर आलं आणि खाली, ‘पटलं नाही तर परत लिहा.’ फुकटच्या कोर्सात एवढं कोण करतं?

तक्रार प्रवेश अर्जाची. त्यात ‘तारणाची तारीख’ असा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो. बाप्तिस्मा माझ्या आजीने घेतला, मिशनच्या काळात. मी तिच्या मांडीवर बसून प्रार्थना शिकलो, आमच्या मावची बोलीत. कोणती तारीख लिहू? फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला एका रात्रीत तारण मिळालं, प्रेषितांची कृत्ये १६. त्याला हा रकाना सहज भरता आला असता. पण प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं काय? त्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल आधी आजी लोईस, मग आई युनीके यांची नावं घेतो, तारीख विचारत नाही. शेवटी मी माझ्या बाप्तिस्म्याची तारीख टाकली आणि बाजूला ‘२ तीमथ्य १:५’ लिहिलं. अर्ज मंजूर झाला.

ख्रिस्ती म्हणून आपली ओळख काय, हा धडा मात्र मनाला लागला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आम्हा आदिवासी ख्रिस्ती लोकांकडेही लोक तसंच बघतात, ना पुरते इकडचे, ना तिकडचे. गाडीत कुणी अहिराणीत विचारतं, ‘भाऊ, तुमना देव कोन्ता शे?’ पूर्वी मी हसून पुढचं तिकीट फाडायचो. आता येशूचं नाव सांगतो आणि मग पुढचं तिकीट काढतो (फाडायला आता काही नाही, मशीन आलं).

सेवेच्या धड्यात लेखक घसरलेत. सुवार्ता (येशूची शुभवार्ता) सांगणे म्हणजे तिची छापील पत्रकं, पत्रिका, वाटणे आणि गावोगाव जाणे, एवढंच. वर्दीत ड्यूटीवर मी पत्रिका वाटत बसलो तर चालेल का? नोकरदाराला देवाने पाठवलेलंच नाही की काय! लूकचा तिसरा अध्याय उघडला असता तरी पुरलं असतं. जकातदार बाप्तिस्म्याला येऊन विचारतात, आम्ही काय करावं? बाप्तिस्मा देणारा योहान त्यांना नाका सोडायला सांगत नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. कंडक्टरचा धडा तिथेच आहे. सुटे नसले की आम्ही तिकिटामागे बाकी लिहून देतो. म्हातारी माणसं ती न मागताच उतरतात. अशा वेळी दारातून हाक मारून पैसे हातात देणं, ही माझी सेवा. उत्तरपत्रिकेत हेच लिहिलं, पूर्ण मार्क मिळाले. म्हणजे तपासणाऱ्यांना पटतं, पुस्तिकेत तेवढं यायचं आहे.

भाषा जड आहे. ‘पवित्रीकरण’, ‘नीतिमान ठरवणे’ हे शब्द पास्टरांना विचारूनच पुढे जा. पाचपैकी चार. नवीन विश्वासी असाल तर डोळे झाकून घ्या. पावसाळ्यात उत्तरपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग पाकिटात टाका, आणि पिनकोड ठळक लिहा.