ठाणे स्टेशनजवळ मिळणारा अमेरिकन संविधानाचा नोट्स-संच: मारबरीसाठी घ्या, चौदावी दुरुस्ती दुसरीकडून वाचा

परीक्षा जवळ आली की ठाणे पश्चिमेला झेरॉक्सच्या दुकानांत लॉच्या नोट्सच्या चळती लागतात. त्यातलाच हा १८० रुपयांचा मराठी स्पायरल संच, तुलनात्मक संविधानाचा पेपर असणाऱ्यांसाठी.

पैसे वसूल होतात ते न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या (संविधानात न बसणारा कायदा रद्द करण्याच्या कोर्टाच्या अधिकाराच्या) प्रकरणात. मारबरी विरुद्ध मॅडिसन (१८०३) म्हणजे 'कोर्टाने कायदा रद्द केला', एवढ्यावर बहुतेक नोट्स भागवतात. इथे निकालाचे तिन्ही प्रश्न ओळीने घेतलेत. मारबरीचा न्यायाधीशपदाच्या नेमणुकीवर हक्क होता का? होता. हक्क डावलला तर कायद्यात उपाय आहे का? आहे. मग नेमणूकपत्र देण्याचा आदेश सुप्रीम कोर्ट देऊ शकतं का? नाही. १७८९च्या ज्युडिशियरी अ‍ॅक्टच्या सेक्शन १३ने दिलेलं मूळ अधिकारक्षेत्र (असा खटला थेट सुप्रीम कोर्टातच चालवण्याचा अधिकार) संविधानाच्या आर्टिकल ३मध्ये बसत नव्हतं. थोडक्यात, सरन्यायाधीश मार्शल यांनी छोटा अधिकार नाकारून कायदा रद्द करण्याचा मोठा पदरात पाडून घेतला. मारबरी मात्र रिकाम्या हाताने परतला. शेजारीच आपला अनुच्छेद १३ दिलाय: इकडे अधिकार लिहून ठेवलेला, तिकडे कोर्टाने संविधानातून वाचून काढलेला.

शेषाधिकारांचा (संविधानाने कुणाकडे नेमून न दिलेल्या अधिकारांचा) तक्ता ठीक. तिकडे दहाव्या दुरुस्तीने राज्यांकडे किंवा जनतेकडे, इकडे अनुच्छेद २४८ने संसदेकडे. भाषांतराने मात्र घोळ घातलाय. आर्टिकलही 'कलम' आणि सेक्शनही 'कलम', त्यामुळे आर्टिकल १, सेक्शन ८चं 'कलम १ कलम ८' झालंय!

खरी पडझड चौदाव्या दुरुस्तीत. 'बिल ऑफ राइट्स सर्व सरकारांना लागू' असं एका ओळीत उरकलंय. बिल ऑफ राइट्स म्हणजे १७९१च्या पहिल्या दहा दुरुस्त्या; त्या फक्त केंद्राला बांधतात, हे बॅरन विरुद्ध बाल्टिमोर (१८३३) मध्ये ठरलं होतं. राज्यांवर त्यातले हक्क आले ते १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीतल्या ड्यू प्रोसेसमधून (योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय राज्याने जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावू नये ही तरतूद), तेही एकेक करून, मुख्यतः विसाव्या शतकात. ही कडी गाळली की विद्यार्थी टेक्सासच्या कायद्याला थेट पहिली दुरुस्ती (भाषणस्वातंत्र्य वगैरे) लावतो आणि उत्तर अर्धवट राहतं.

भेदभाव करणारा कायदा कोर्ट किती कडक तपासतं, त्या कसोट्यांच्या त्याच प्रकरणातल्या तक्त्यात लिंगभेद 'स्ट्रिक्ट स्क्रुटिनी' म्हणजे सर्वांत कडक कसोटीखाली टाकलाय. चूक कुठून आली हे दिसतं: फ्रॉन्टिएरो खटल्यात (१९७३) तसं मत मांडलं गेलं, पण ते नऊपैकी चौघा न्यायाधीशांचंच. क्रेग विरुद्ध बोरेन (१९७६) पासून लिंगभेदाला मधली कसोटी लागते. वंशभेद वरच्या रकान्यात, साधे आर्थिक कायदे खालच्या. पेनने बाण काढून दुरुस्त करा.

गर्भपाताच्या पानावर अजून गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो निकाल (१९७३)च कायदा म्हणून उभा आहे. सुप्रीम कोर्टाच्या डॉब्स निकालाने तो २०२२ मध्ये उलटवला. ते पान फाडलं तरी चालेल.

अमेरिकन संविधानाचा मजकूर म्हणजे सात आर्टिकल आणि सत्तावीस दुरुस्त्या. अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे. त्याच दुकानात प्रिंट काढून संचाच्या मागे बांधून घ्या.